हिरव्या ट्रेमधली कवळी

मी कवळ्या बनवतो. डॉक्टर दात काढतात, हिरड्यांचं माप घेतात आणि माझ्याकडे पाठवतात. मी त्या मापावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात रोवतो, त्यावरून पक्की गुलाबी हिरडी करतो आणि घासून चमकवतो. घराची पुढची खोली हीच माझी लॅब. काही कामानिमित्त दारात आलेले शेजारी फळीवर ओळीनं मांडलेले जबडे बघतात आणि आत बसायचं टाळतात.

माणसाला एवढं काम पुरायला हवं. मला पुरत नाही. तीन दवाखान्यांच्या कवळ्या आहेत, तांत्रिक विद्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवणं आहे, इमारतीचं सचिवपद आहे, भंगारातून आणून नवीकोरी करायची एक सायकल आहे, आणि ‘कवळी वापरणाऱ्यांसाठी चार गोष्टी’ नावाचं एक छोटंसं पुस्तक आहे. त्या चार गोष्टींपैकी दीड लिहून झाली आहे. कुणी काहीही सांगितलं की माझ्या तोंडून ‘होऊन जाईल’ निघतं. ते कोण करणार, हे मला मागाहून सुचतं.

बायको शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला माझा हिशेब लग्नानंतर लगेच कळला आणि तिनं आशा सोडली. आत्यानं मात्र सोडली नाही. आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्यानं, आणि अजून ती आमच्याकडेच असते. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं बोलणं इतकं स्वच्छ की पलीकडच्या माणसानं ‘काय म्हणालात?’ असं विचारायची वेळच यायची नाही, आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान. निवृत्तीनंतरही रोज संध्याकाळी ती एका जुन्या मैत्रिणीशी फोनवर मनसोक्त बोलायची. माझी धावपळ बघून मला ‘दिवाणजी’ म्हणायची.

तर या दिवाणजींनी एकदा कारभाराची घडी बसवायचं मनावर घेतलं. तीन रंगांचे ट्रे आणले. लाल म्हणजे आज, पिवळा म्हणजे या आठवड्यात, हिरवा म्हणजे सवडीनं. खरं सांगायचं तर लाल ट्रेमध्ये ओरडणाऱ्यांची कामं जायची आणि हिरव्यात न ओरडणाऱ्यांची. वर एक फळी, तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘पूर्ण’. दातांखेरीजच्या कामांसाठी भिंतीवर कार्डं. शिवाय स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ. ते वाजलं की हातातलं सोडायचं आणि पुढचा ट्रे ओढायचा. पहिल्याच दिवशी ते मी प्लास्टर ओतत असताना वाजलं. मी नियमाला जागून उठलो. अर्ध्या साच्याचा दगड झाला, आणि तो फोडण्यात पुढच्या दोन ट्रेंचा वेळ गेला.

पण मी हार मानली नाही. दर रविवारी आढावा घ्यायचो, कार्डं नव्यानं लिहायचो, क्रम बदलायचो. हळूहळू पद्धत सांभाळणं हेच माझं सगळ्यात मोठं काम झालं. त्याचंही एक कार्ड होतं, लाल.

“छान,” बायको म्हणाली. “आढावा लाल, संसार हिरवा. चालू द्या.”

त्याच सुमारास आत्याचे उरलेसुरले दात काढावे लागले. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडेच काम पाठवतात. जखमा जरा भरल्यावर त्यांनी माप घेतलं आणि बजावलं, “घरचंच आहे म्हणून रखडवू नका.” मी म्हणालो, “होऊन जाईल.” त्याच दिवशी साचा ओतला, त्यावर आत्याचं लेबल लावलं आणि तो हिरव्या ट्रेमध्ये ठेवला. आत्या थोडीच ओरडणार होती?

ती ओरडली नाही. ओरडायची पंचाईतच होती. दातांशिवाय तिचे शब्द घसरायला लागले. एका संध्याकाळी मैत्रीण फोनवर दोन-तीनदा ‘काय? काय म्हणालीस?’ करत राहिली, आणि त्यानंतर आत्यानं फोन उचलणं सोडलं. ‘ती झोपलीय म्हणून सांगा,’ म्हणायची. मग आमच्याबरोबर जेवायला बसणंही सोडलं. बोलताना तोंडावर हात धरायची. मी जाता-येता हे सगळं बघत होतो आणि दर रविवारी तिचा साचा उचलून, धूळ पुसून, पुन्हा हिरव्यातच ठेवत होतो. आढावा घेण्यात माझा हात कुणी धरू शकला नसता.

असं वर्ष उलटलं. मग एका रविवारी बायकोनं आढाव्याच्या वेळी येऊन तो साचा स्वतःच्या हातानं उचलला आणि लाल ट्रेमध्ये ठेवला. मी कामाला लागलो. खोटं कशाला सांगू, मी आयुष्यात इतकी सुंदर कवळी बनवलेली नाही. मेणात दात लावून तोंडात बसवून बघायची एक पायरी असते, ती मी गाळली. म्हटलं, आपलंच माणूस, थेट घालूनच बघू. साच्यावर ती अशी चपखल बसली की माझीच मला पाठ थोपटावीशी वाटली.

आत्यानं कवळी घातली. मी तिला सफरचंदाची फोड दिली. तिनं सावकाश चावली, गिळली, आणि म्हणाली, “छान झालीय, दिवाणजी.” मी तिचा साचा ‘पूर्ण’च्या फळीवर चढवला आणि त्या आठवड्यात जरा ताठ मानेनं वावरलो. ती पुन्हा आमच्याबरोबर जेवायला बसू लागली. कमी जेवते असं वाटलं, पण म्हातारपणी भूक कमी होतेच. फोन अजून उचलत नव्हती, त्याचंही काहीतरी कारण मी शोधून काढलं असेल.

काही दिवसांनी भरदुपारी वीज गेली. मशीन थांबलं, म्हणून पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो. आत्या पाठमोरी बसून दुधात भिजवलेला ब्रेड खात होती. कवळी शेजारी वाटीत. माझी चाहूल लागताच तिनं घाईघाईनं ती तोंडात सरकवली आणि तिचा चेहरा वेदनेनं आक्रसला.

“बघू,” मी म्हणालो.

“काही नाही रे.”

“आत्या, दाखव.”

खालच्या हिरडीवर एक लालभडक जखम होती. बघितल्याबरोबर कळलं. दात काढल्यावर जबडा झिजत जातो, महिन्यामहिन्याला बदलतो. जुन्या मापावर कवळी करू नका, हे तर मी स्वतः डॉक्टरांना फोनवर ऐकवतो. माझ्या पुस्तकातली लिहून झालेली एक गोष्ट तीच आहे. मी बनवलेली कवळी आत्याच्या वर्षापूर्वीच्या तोंडाला अगदी बरोबर होती.

“कधीपासून दुखतंय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“ते सफरचंद खाल्लंस तेव्हाही?”

तिनं वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, “तू तो साचा वरच्या फळीवर ठेवलास ना, तेव्हा तुझा चेहरा बघायला हवा होतास. शाळेत असताना बक्षीस घेऊन यायचास तसा. म्हटलं, कशाला परत खाली उतरवायला लावायचं? मला ही तोंडात धरून ठेवायची सवय होईल. जिभेनं दाबून धरली की पडत नाही, फक्त मग बोलता येत नाही.”

वर्षभर मी तिला गप्प बसवलं होतं, आणि कवळी देऊन वर आणखी पक्कं गप्प बसवलं.

“चल, आत्ता डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. नवीन माप घेऊ.”

“आत्ता कशाला? तुझी लालमधली उरकून घे आधी. मला काय घाई आहे?”

माझ्या साऱ्या ट्रेंमध्ये आणि कार्डांमध्ये जिच्या हाताशी सगळ्यात कमी दिवस होते, ती मला हे सांगत होती.

“राहू दे लाल,” मी म्हणालो. “थांबतील लोक.”

“लोक कशाला थांबतील?”

“का? तू थांबलीस ना वर्षभर.”

“मी घरची ना रे,” आत्या म्हणाली.

तिनं ते तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मी दाराशी जाऊन तिच्या चपला शोधायला लागलो.