इंजिनाला लावलेलं जवसाचं तेल

आमच्या घरापासून पन्नास पावलांवर इंजिनाची शेड होती. जंगलातलं सागवान नवापूरच्या डेपोत नेणारी ती लहान रुळांची लाईन एका ठेकेदाराची. माझे घरधनी ते इंजिन चालवत.

रुंदीला बैलगाडीएवढंच, पण लाकडांनी भरलेले आठ डबे घेऊन ते चढ चढायचं. ओल्या पानांनी रूळ निसरडे झाले, की चाकं जागीच फिरत. मग हे खाली उतरून रुळावर मुठीने वाळू पेरायचे. कुठलं चाक तापलंय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. मी चौथी शिकलेली. माझ्या मास्तरांपेक्षाही मला हे हुशार वाटत.

ट्रक आले आणि लाईन बंद पडली. ठेकेदार म्हणाला, "पावसाळ्यानंतर इंजिन स्वतः चालत डेपोत आलं, तर डबे हलवायला ठेवू. नाही आलं तर भंगारात." पावसाळाभर ह्यांना डेपोत काम दिलं. जाताना शेडची किल्ली आणि ग्रीसचा डबा हे माझ्या हाती देऊन गेले. "गंज चढू देऊ नको," असं दोनदा बजावलं.

श्रावणात ग्रीस संपलं. ओढे भरलेले, निरोप कुणाबरोबर धाडणार? शेजारी विचारायचीही मला लाज. चाकांच्या दांड्यांवर तांबूस डाग दिसू लागले. घरात कोरीटहून, माहेरून आलेलं जवसाचं तेल होतं. ते फडक्याने दांड्यांना चोळलं. वरच्या पितळी तेलवाट्या रिकाम्या दिसल्या, त्याही भरून टाकल्या.

दसऱ्याच्या आधी हे आले आणि आधी शेडमध्येच गेले. वाटीत बोट घातलं, तर तेल पाकासारखं चिकट झालेलं.

"हाई काय टाकं तू वं?"

"जवसनं तेल."

"भाजीनं तेल इंजिनले पाजं?"

"तीन महिना उपाशी व्हतं, म्हनीसन पाजं."

हे हसले नाहीत. वाट्यांखालची भोकं बुजली होती. तेल आत उतरलं नाही, तर चाकं जळतील. चार दिवस हे रॉकेल ओतून तारेने एकेक भोक मोकळं करत राहिले. मी फडकी धुऊन देत होते. चौथ्या दिवशी त्यांनी दांड्यांवरचा वाळलेला थर खरवडला. आतलं लोखंड लखलखीत.

"दांडाले बाकी गंज नई," हे हळूच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "चल, बैस वर."

जन्मात पहिल्यांदा मी इंजिनावर चढले. लाकडं पेटली, वाफेचा काटा सरकत गेला, आणि एक धक्का देऊन ते निघालं. वाटेत तीनदा उतरून ह्यांनी प्रत्येक वाटी हाताने चाचपली. एकही तापली नव्हती.

डेपोत ठेकेदाराने इंजिनाभोवती फेरी मारली. "पावसाळाभर कुणी सांभाळलं?"

"मन्ही घरवालीनी."

"कुठे आहे ती?"

"लाकडासना मांगे. लाजस."

मी ओंडक्यांच्या थप्पीमागे पदर तोंडाशी धरून उभी होते. ठेकेदार दिसत नव्हता, पण त्याने मुकादमाला हाक मारून सांगितलेलं मी स्वच्छ ऐकलं, "भंगारवाल्याला कळवा, येऊ नकोस म्हणावं."