मागच्या भिंतीजवळचं उंच टेबल

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी म्हसळ्याच्या बाजारात भाजी घेत होते. पिशवी तिथेच टाकून रिक्षात बसले. रडू नंतर आलं, आधी राग आला. अजून कितीतरी शाळांशी भांडायचं राहिलं होतं तिचं...

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. तालुक्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक होती. कुठल्या मुलाचं लक्ष टिकत नाही, कोण सारखं उसळतं, का उसळतं, हे तपासायचं तिचं काम. माझी गार्गी तिसरीत असताना वहिनी माहेरी गेली होती, आणि नेमकं तेव्हाच शाळेने बाहेरच्या लोकांना बोलावून तपासणी उरकली. तीही कधी, तर शिमग्याची पालखी घरोघर फिरून देवळात परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी! पालखीमागे नाचून पोरं रात्र-रात्र झोपलेली नव्हती. निम्मा वर्ग अतिचंचल ठरला. गार्गी तर बाकावर टिकलीच नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून तिचा दाखला काढून न्यायला सांगितलं.

वहिनी आली ती थेट त्यांच्या खोलीत शिरली. "तुम्ही जागरण तपासलंत सर, मुलं नाही." पोरांच्या झोपा पुऱ्या झाल्यावर तिने सगळं पहिल्यापासून करायला लावलं. शिक्षकांना विचारलं, आयांना विचारलं, वर्गात बसून पाहिलं, आमच्या सुपारीच्या वाडीत खेळतानाही पाहिलं. बहुतेक मुलं ठणठणीत निघाली.

"म्हणजे गार्गीलाही काही नाही ना?" मी आशेने विचारलं.

"गार्गीला आहे," ती म्हणाली.

मुख्याध्यापक लगेच म्हणाले, "बघा, मी काय म्हणत होतो!"

चिडली की वहिनीची गावची बोली बाहेर यायची. "तपासतात ते पोरांना सांभाळायला, हाकलायला न्हाय. पोर हितंच शिकंल."

वाडीतलं जुनं टेबल तिने पाय वाढवून उंच करून घेतलं आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला लावलं. गार्गी तिथे उभी राहून लिहू लागली. आज ती दहावीत आहे, त्याच शाळेत.

शोकसभेत मुख्याध्यापकांनी वहिनीचा फोटो लावायचं जाहीर केलं. टेबल कुठाय, मी विचारलं. अडगळीत! मी आणि गार्गीने भर सभेतून उठून ते बाहेर ओढलं.

"आता कोणासाठी?" ते म्हणाले.

"नीट तपासा, कळेल," मी म्हणाले. "फोटो नंतर लावा."

परवा वर्गाच्या खिडकीतून डोकावले. टेबल जागेवर होतं. एक चिमुरडी एका पायावर उभी राहून गणित सोडवत होती. आता कोणी हलवून दाखवावंच ते.