पाच देशांची रंगीत तालीम

माझ्या मैत्रिणीचे पप्पा या जगात आले तेव्हाही आधी दोन तालमी झाल्या असणार आणि तिसरी रंगीत झाली असणार, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. बँकेतून निवृत्त झालेला, आगाशीच्या अलीकडे केळी-नारळाची वाडी असलेला, दर नाताळात चर्चच्या मैदानावर गावाचं नाटक बसवणारा हा माणूस आयुष्यातली कुठलीच गोष्ट थेट प्रेक्षकांसमोर आणत नाही. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आंटीचं, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांनी आदल्या आठवड्यात हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता तीनदा तपासला आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये वळतं का हे बघायला स्वतः त्यावर आडवे झाले. नर्सने त्यांनाच सलाईन लावायला घेतलं होतं. मुलीच्या लग्नाच्या इतक्या तालमी झाल्या, की शेवटी फादर म्हणाले, "अहो, आता खरं लग्न लावलं तर ते दुसरं ठरेल!" एकदा तर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ओटीवर हात छातीवर घेऊन निजले होते आणि चार पुतण्यांना सूचना देत होते. शवपेटी दारातून वळते की नाही, ते बघत होते. वळली नाही. दाराजवळचं कपाट आडवं आलं. तेव्हापासून ते कपाट मागच्या खोलीत आहे आणि अंकल निर्धास्त आहेत.

मी त्यांना अंकल म्हणते. त्यांची मुलगी आणि मी एकाच बाकावर दहा वर्षं बसलो, एकाच इंग्रजी शाळेत. ती बोलायची आणि मी बघायचे. आठवीत असताना ती मला नाटकाच्या तालमीला घेऊन गेली. अंकलनी मला एक वाक्य म्हणायला लावलं, कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय गो, पहिल्या रांगेतपण पोचत नाय तुझा आवाज. फार चांगलं. तू प्रॉम्प्टर." माझं मराठी वाचन तेव्हा अडखळत चालायचं. विंगेत उभं राहून, हातात संहिता धरून, दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजता कुजबुजता मी ही भाषा शिकले. पहिल्याच प्रयोगात एक नट बोलता बोलता थांबला आणि मी घाईघाईने त्याला पुढचं वाक्य पुरवलं. अंकल रागावले नाहीत. पण नंतर म्हणाले, "बाय, तो विसरला नव्हता. थांबला होता. विसरणं वेगळं, थांबणं वेगळं. तिथं पॉज आहे." मैत्रीण पुढे लग्न करून कॅनडाला गेली. तिला निरोप देण्याच्या अंकलनी ओटीवर दोन तालमी घेतल्या होत्या. प्रत्यक्षात विमानतळावर त्यांना एकही वाक्य आठवलं नाही, आणि मी शेजारीच उभी असून काही सांगू शकले नाही. तेव्हापासून मी महिन्यातून एखादा रविवार त्यांच्याकडे जाते. का ते त्यांनी विचारलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

तर आमच्या परदेशवारीची गोष्ट. आम्ही विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारी तीन माणसं. बाबांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलेलं, माझ्या नोकरीत सलग नऊ दिवसांची रजा जेमतेम मिळणारी, आणि साठवलेले पैसे एकाच सहलीला पुरतील एवढे. पुन्हा जाणं होणार नाही हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. बाबांच्या ऑफिसातला शेजारच्या टेबलावरचा सहकारी एका दमात चार देश करून आला होता. त्यामुळे आपण पाच करायचे हे बाबांनी ठरवलं होतं: सिंगापूर, मलेशिया, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम. आईला मात्र एकच गोष्ट बघायची होती. काही वर्षांपूर्वी टीव्हीवर कंबोडियातलं ते मोठं देऊळ दाखवत होते. तिथल्या एका लांबच लांब भिंतीवर समुद्रमंथन कोरलंय, एका बाजूला देव, एका बाजूला दानव आणि मध्ये वासुकी. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली आणि मागे गॅसवर दूध उतू गेलं. तिच्या हातून दूध उतू गेलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. बाबांच्या बेतात त्या देवळाला एक दुपार होती, विमानातून उतरल्यापासून विमानात बसेपर्यंतची. आईचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, "चालेल की. लांबून दिसलं तरी पुष्कळ." ते पुष्कळ नव्हतं, हे मला कळत होतं. पण बाबांना अडवणं मला जमत नाही, आणि सोमवारी ते तिकिटं काढणार होते.

शनिवारी संध्याकाळी मी अंकलकडे जाऊन तो बेत त्यांना माझ्या फोनमध्ये दाखवला. त्यांनी चष्मा चढवून तो नाटकाच्या संहितेसारखा वाचला, मान हलवली, पुन्हा वाचला.

"प्रवेश झकास आहेत," ते म्हणाले. "पण अंधार कुठंय?"

"कसला अंधार?"

"एक सीन संपला, दुसरा सुरू व्हायचा. मध्ये अंधार होतो का नाय? पलंग काढायचा, झाड आणायचं, नटीने साडी बदलायची. तुझ्या बाबांचं एका ओळीत सिंगापूर, दुसऱ्या ओळीत मलेशिया. मधला पलंग कोण उचलतो? उद्या चर्चमधली मिसा झाली की तिघं या. सामानासकट. तालीम घेऊ."

बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण बाबांना अंकलबद्दल एक भीतियुक्त आदर आहे. आणि नव्याकोऱ्या प्रवासी बुटांत त्यांना कुठेतरी जायचंच होतं. रविवारी आम्ही रिकाम्या बॅगा घेऊन गेलो. अंकलनी त्या उघडल्या, तोंड वाकडं केलं आणि वाडीतले नारळ त्यांत भरले. "रिकाम्या बॅगेने तालीम म्हणजे लाकडाच्या तलवारीने लढाई." मग खडूने पाटीवर देश लिहिले. त्यांची ओटी म्हणजे मुंबई. राजोडीचा किनारा सिंगापूर. आचोळे मलेशिया. आगाशीचा बाजार थायलंड. देवळाचं तळं कंबोडिया. शेवटी अर्नाळा, व्हिएतनाम.

"आचोळे म्हणजे मलेशिया?" बाबा दुखावले. त्यांचा चुलतभाऊ तिथे राहतो.

"मलेशियाला जायला इमिग्रेशन, आचोळ्याला जायला नालासोपाऱ्याचा रेल्वेपूल. दमणूक सारखीच," अंकल म्हणाले आणि आंटीला मागे बसवून स्कूटरवरून पुढे निघून गेले.

राजोडीला आम्ही रिक्षाने पोचलो, तेव्हा सुरूच्या झाडांखाली आंटी नाटकाच्या पेटीतली फौजदाराची टोपी घालून स्टुलावर बसल्या होत्या. आंटी एरवी इतक्या मृदू आहेत की मांजरालासुद्धा "जरा सरकतेस का" म्हणतात. टोपी चढली आणि त्या कोणीतरी वेगळ्याच झाल्या.

"कशाला आलात?"

"फिरायला," बाबा हसून म्हणाले.

"हसू नका. राहणार कुठं? परत कधी जाणार?"

"वहिनी, तुम्ही मला ओळखता..."

"इथं कोण कोणाची वहिनी नाय. लायनीत उभे राहा."

लाइनीत आम्ही तिघंच होतो. तरी त्यांनी आम्हाला ताटकळत ठेवलं. मग अंकल हॉटेलवाले झाले आणि म्हणाले, खोली दुपारी मिळेल, तोवर बॅगांवर बसा. आम्ही बसलो. समोर वीकएंडची माणसं वाळूत क्रिकेट खेळत होती आणि आमच्याकडे बघत होती. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. खोली मिळाली असं जाहीर झालं, एक फोटो काढला आणि अंकलनी शिट्टी वाजवली. सिंगापूर संपलं.

मलेशियाचं मी फार सांगत नाही. बस, मग रिक्षा, मग नारळांनी भरलेल्या बॅगा घेऊन पुलाच्या पायऱ्या, मग तेच सगळं उलट. बाबांचा चुलतभाऊ नेमका रस्त्यात भेटला आणि "कुठे निघालात सामान घेऊन?" म्हणाला. बाबा म्हणाले, "थायलंडला." तो बराच वेळ आमच्याकडे बघत उभा होता. थायलंडमध्ये, म्हणजे आगाशीच्या बाजारात, बाबा लंगडायला लागले. बूट चावले होते, पण पाच देशांच्या मालकाला ते बोलून दाखवता येईना. आई पुलावरच दमली होती. ती एकेका पायरीवर आधी उजवा पाय ठेवायची, मग डावा त्याच्याशेजारी आणायची. मी मागून तिच्याकडे बघत होते.

देवळाच्या तळ्याशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अंकलनी घड्याळ बघितलं. "कंबोडिया. विमान उशिरा आलंय, म्हणून वेळ थोडाच आहे. ते बघा समोर देऊळ. बघून घ्या." आई पायरीवर बसली. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि पाण्याकडे बघत राहिली. तिला श्वास लागला होता. थोड्याच वेळात अंकलची शिट्टी वाजली. "चला, व्हिएतनाम!"

बाबा उठले. आई उठली नाही. ती तिचं नेहमीचं वाक्य बोलली, जे ती लग्नात, जत्रेत, गडाच्या पायथ्याशी, सगळीकडे बोलत आली आहे. "तुम्ही जा पुढे. मी बसते इथे."

"हा डायलॉग संहितेत नाय," अंकल म्हणाले. आणि त्यांनी बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. विंगेकडे बघतात तसं. आंटीनेही टोपी काढली. सगळे थांबले होते. माझ्या हातात कागद नव्हता आणि कुजबुजून भागणार नव्हतं. मला माझाच आवाज तळ्यावरून ऐकू आला.

"बाबा, पाच नकोत. दोनच करू या. आईचं देऊळ आधी, तिथे तीन दिवस. मग व्हिएतनाममधलं एकच गाव. बाकीचं काढून टाकू."

तळ्यातल्या बदकांनीसुद्धा वळून पाहिलं असावं. बाबा लाल झाले. "दोन? ऑफिसात काय सांगू मी? लोक चार-चार करून येतात."

"लोकांनी सिंगापूर बघितलं का बॅगा?" अंकल म्हणाले. "भाऊ, तीन अंकी नाटक एक अंकी केलं म्हणून कोण तिकिटाचे पैसे परत मागत नाय. पण नटी तिसऱ्या अंकात पडली, तर पडदा पाडावा लागतो."

बाबा आईकडे बघत राहिले. मग ते तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि हळूच उजव्या पायातला बूट काढला, मग डाव्या पायातला. टाचेला फोड आला होता. त्यांच्या तोंडून जो सुस्कारा बाहेर पडला, तसा मी त्यांच्या तोंडून बढतीच्या दिवशीही ऐकला नव्हता. "तीन दिवस," ते आईला म्हणाले, "एका देवळात तू करणार काय?"

"बसेन," आई म्हणाली. मग हसली. "उठेन. परत बसेन."

आंटीने पिशवीतून सुकेळी, वाडीतलीच वाळवलेली केळी, काढली आणि आम्ही पाच जण ओळीने पायरीवर बसून खात राहिलो. व्हिएतनाम त्या दिवशी झालंच नाही. नारळ मात्र अंकलनी मोजून परत घेतले.

खरी सहल इतकी सुरळीत झाली की सांगण्यासारखं फारसं काही नाही. आणि हेच तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. इमिग्रेशनच्या रांगेत खराखुरा टोपीवाला आला तेव्हा बाबा हसले नाहीत, नीट उत्तरं दिली आणि पुढे जाऊन मला म्हणाले, "आंटी जास्त कडक होत्या." सकाळी हॉटेलात पोचलो तर खोली तयार नव्हती. मी काउंटरवर जाऊन, पहिल्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात, आईला पाय पसरून बसता येईल अशी जागा मागितली आणि ती मिळाली. बाबा जुन्या बुटांत फिरले.

परत आल्यावर मी अंकलसाठी आणलेला तिथला चौकड्यांचा पंचा द्यायला गेले. तो त्यांनी लगेच गळ्यात घातला आणि विचारलं, "कुठं प्रॉम्प्टिंग लागलं?"

"कुठेच नाही!" मी म्हणाले. मला वाटलं, ते खूश होतील.

"कुठंच नाय," ते म्हणाले आणि पंच्याचं टोक सरळ करत राहिले.

आतून आंटी म्हणाल्या, "यांची लेकपण हल्ली फोनवर तेच बोलते. आता सगळं जमतं, पप्पा, काय सांगू नका."

वाडीतल्या पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, एक गोष्ट त्यांना सांगायची राहिली आहे, आणि ती खरी होती. "अंकल, एका ठिकाणी लागलं."

ते पुढे सरकले. "कुठं?"

"त्या भिंतीपाशी. आई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. शाळेतल्या मुलीसारखे हात मागे बांधून. मग मध्यावर येऊन उभी राहिली. रडत नव्हती, हसतही नव्हती. मला वाटलं आपण काहीतरी बोलायला हवं. पण मला वाक्यच आठवेना."

"मग काय बोललीस?"

"काही नाही. आईपण नाही. बाबासुद्धा गप्प उभे होते."

अंकलनी डोळे मिटले. ती भिंत, ती तीन माणसं, त्यांच्यावर पडलेला उजेड, सगळं ते नीट लावून बघत असावेत. मग त्यांनी मान हलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "तिथं पॉजच आहे."

आंटीने चहा आणून ठेवला, कपबशीचा आवाज न करता.