कोपरा फाडलेलं कार्ड

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही, आणि सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मी नऊ वर्षांची होते. नेवाशात प्रवरेकडे उतरणाऱ्या वाटेवर आमचं घर. वडील शाळामास्तर. घरात ते, आई, मी आणि वडिलांची विधवा आत्या. तिला आम्ही सगळेच आत्याबाई म्हणायचो.

परसात कडुनिंब होता आणि त्यावर कावळ्यांचं घरटं. आई रोज सकाळी भाकरीचा तुकडा परसातल्या दगडावर ठेवायची आणि ती कावळ्याची जोडी अगदी तिच्या पायाजवळ उतरून तो उचलायची. त्या वैशाखात वावटळ आली आणि घरट्यातलं एक पिल्लू खाली पडलं. मांजर टपलेलंच होतं. आईनं पिल्लू पदरात उचललं, जुन्या टोपलीत ठेवून टोपली फांदीला बांधली. संध्याकाळपर्यंत ते मेलं.

कावळ्यांनी पिल्लू पाहिलं होतं ते आईच्या हातात. दुसऱ्या दिवसापासून ती परसात आली की दोघं ओरडत तिच्यावर झेपावायला लागले. माझ्याकडे, आत्याबाईंकडे ते बघायचेही नाहीत. आई धुणं घेऊन नदीवर निघाली तर घाटापर्यंत तिच्या मागे. शेवटी ती डोक्यावर सूप धरून परसात जायला लागली. आत्याबाई म्हणायच्या, "डोक्याला चोच लागू देऊ नकोस हो. कावळा डोक्याला शिवला की माणूस वर्षभर राहत नाही."

"मी त्यांचं पिल्लू वाचवायला गेले, आत्याबाई," आई हसून म्हणायची. पण सूप विसरायची नाही.

तेवढ्यात मामा मला सुट्टीसाठी न्यायला आला. तो पाथर्डीला कचेरीत कारकून होता. घरी तो आणि मामी दोघंच. मी आनंदानं गेले.

तिथं आठवडा झाला असेल. एक दिवस दुपारी टपालवाल्यानं मामाच्या हातात कार्ड दिलं. मरणाची बातमी असली की फाडतात तसा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. मामानं उभ्याउभ्या वाचलं आणि तो उंबऱ्यावरच बसला. मामी आतून आली. "काय झालं?" मामानं मला जवळ ओढलं. "पोरी, तुझी आई गेली."

मामीनं मला आडावर नेऊन डोक्यावरून पाणी घातलं. आजूबाजूच्या बायका जमल्या. टपाल घेऊन आलेली मोटार गावातच बंद पडली होती, म्हणून मामा मिळेल त्या बैलगाडीनं निघाला. मीही येते म्हणाले, तर तो म्हणाला, "ह्या उन्हात तुला कुठं नेऊ? आणि आता तिथं जाऊन बघायचं काय?"

मामी रडत होती. शेजारची शेतकऱ्याची म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "रड बाई, रडून घे. पोटात ठिवू नगं. आजारी पडशील."

मला रडू आलं नाही. मी प्रयत्न केला. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, तिची हाक आठवली. पण डोळे कोरडेच राहायचे. बायका माझ्याकडे बघून आपापसात कुजबुजत होत्या. मला शरम वाटली, म्हणून मी गुडघ्यात तोंड घालून बसले, म्हणजे त्यांना वाटावं मी रडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीनं अंगणाच्या भिंतीवर भात ठेवला. एक कावळा आला. मेलेली माणसं कावळा होऊन येतात हे मी आत्याबाईंकडून ऐकलं होतं. मी भिंतीजवळ गेले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "आई, तू आहेस का?" त्यानं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, भात खाल्ला आणि उडून गेला. मी तिथंच उभी राहिले. तो परत आला नाही.

चौथ्या दिवशी मोटार आली आणि तिच्याबरोबर टपालही. मामीला वाचता येत नव्हतं. कार्ड तिनं माझ्याकडे दिलं. वडिलांचं वळणदार अक्षर होतं. मी मोठ्यानं वाचलं: "आधीचे पत्र खोटे आहे. हिच्या डोक्याला कावळा शिवला, म्हणून दोष जावा यासाठी तसे लिहावे लागले. आपल्या माणसांनी रडून घेतले असेल, तर दोष गेला असे समजावे. हिची प्रकृती ठीक आहे."

मामी रडतच हसली आणि तिनं मला पोटाशी धरलं. माझी नजर मात्र 'रडून घेतले असेल, तर' या शब्दांवरून हलेना. मी रडले नव्हते.

आठवड्यानं मामा आईला घेऊन आला. बैलगाडीतून तो नेवाशाला पोचला तेव्हा ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती, असं त्यानं मामीला सांगितलं. वडिलांशी तो एक शब्दही बोलला नव्हता. आई दारातून आत आली, तिनं माझे दोन्ही गाल हातात घेतले आणि विचारलं, "खूप रडलीस का गं?"

"हो," मी म्हणाले.

"माझी गुणाची बाय," असं म्हणून तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. ती मला गिळवेना.

आम्ही नेवाशाला परतलो, आणि श्रावणात आईला हिवताप आला. त्यावरचं औषध, कोयनेल, बाजारात कुठं मिळेना. दुपारी तिला हुडहुडी भरायची आणि आम्ही घरातल्या सगळ्या गोधड्या तिच्यावर घालायचो. माझी खात्री होती की हे माझ्यामुळे होतंय. पाचव्या दिवशी वडील शाळेत गेले, आत्याबाई देवळात गेल्या, तेव्हा मी तिच्या उशाशी बसले.

"आई, मी रडले नव्हते. खोटं बोलले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तापानं तिचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, ती चिडेल.

"तुझे वडील ते पत्र लिहायला तयार नव्हते," ती म्हणाली. "लिहायचंच तर पुण्याला, त्यांच्या चुलत भावाला लिहितो म्हणाले. त्या पुण्याच्यांना काय, दोन दिवस वाईट वाटलं असतं. मीच म्हणाले, पाथर्डीला लिहा. तिथं माझ्यासाठी खरं रडणारं माणूस आहे."

"मी तिथं होते म्हणून?"

"हो. मला मरायची फार भीती वाटली गं." आणि ती भिंतीकडे वळली.

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मी गोधडीत हात घालून तिचा तापलेला हात धरला. त्या दुपारी आम्ही दोघीही रडलो, पण ते कोणत्याही दोषासाठी नव्हतं.

ताप पंधरा दिवसांनी उतरला. एका ओळखीच्या कंपाउंडरनं कोयनेलच्या थोड्या गोळ्या दिल्या, त्यानं उतरला असावा. आत्याबाईंनी मात्र पाथर्डीच्या रडण्याला श्रेय दिलं, आणि आईनं नुसती मान डोलावली. मामा पुढची दोन वर्षं आमच्या घरी आला नाही. मी त्या सुट्टीनंतर पाथर्डीला एकटी कधीच राहिले नाही. मामी बोलवायची. आई म्हणायची, "जा की, चार दिवस." मी काही तरी कारण सांगायचे, आणि आई दुसऱ्यांदा म्हणायची नाही.