कधी वाढतं, कधी घटतं

आमच्या शेजारी राहणारी कॉलेजातली बाई इंजिनाचा अभ्यास करते, पण तिच्या हाताला तेल लागलेलं मी कधी पाहिलं नाही. तिचं इंजिन अणूएवढं, आणि तेही कागदावरच. त्याला ती क्वांटम म्हणते. सांगायला बसली की बोटांनी हवेत गाठी मारत राहते आणि ऐकणाऱ्याचा चहा निवतो.

"आजी, इंजिन आजूबाजूला उष्णता टाकतं. इतक्या लहान इंजिनात आजूबाजूला त्या उष्णतेची आठवण राहते. मग थोडी उष्णता परत येते."

"म्हणजे वैल," मी म्हटलं. आमच्या चुलीला जोडून वैल आहे. चूल विझली तरी त्यावरचं दूध ऊन राहतं.

ती इतकी खूश झाली की कायमच्या नोकरीच्या मुलाखतीत तेच सांगून आली. पुण्याचे साहेब म्हणाले, "वेल? कसली वेल?" मी पोट धरून हसले.

मग त्यांनी विचारलं, या आठवणीने इंजिनाचं काम वाढतं ना? नुसतं हो म्हणायचं होतं. ही म्हणाली, "कधी वाढतं, कधी घटतं." नोकरी दुसऱ्याला मिळाली.

"हो म्हटलं असतंस तर जीभ झडली असती काय गो?"

"जे तसं नाही, ते कसं सांगू, आजी?"

वेडीच आहे. पण डोळ्याचं ऑपरेशन करू की नको, हे मी तिलाच विचारलं. बाकी सगळे डोळा न बघताच "बरं होईल" म्हणतात.