मी एकटाच त्यांना वहिनी म्हणायचो

विनायकचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाकडे गणपतीपुळ्याला निघालो होतो. ‘शुभदा गेली,’ एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवला. मी अर्ध्या वाटेतून मागे फिरलो. त्याला दीड महिना झाला.

शुभदावहिनी रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर टायपिंगला बसायच्या. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं. विनायक माझा शाळेपासूनचा मित्र, मिरकरवाडा बंदरात लाँचची इंजिनं दुरुस्त करतो. दोघं एकोणीस वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहिली. वहिनींचा नवरा त्यांना तरुणपणीच टाकून मुंबईला गेला होता. घटस्फोटाच्या दाव्यात तो कधी हजर राहिला नाही, आणि दावा तारखांवरच राहिला. शेजारी त्यांना टायपिस्टबाई म्हणत. वहिनी म्हणायचो मी एकटाच. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्या चहा गाळत होत्या. हात थांबला, आणि वर न बघता त्यांनी विचारलं, ‘साखर किती घालू?’

मी आरोग्यविम्याचा एजंट. वहिनींची एकटीच्या नावावर जुनी पॉलिसी होती, साधी पण बिनघोर. मग नव्या कंपन्या आल्या, एकमेकींवर कुरघोडी करत हप्ते उतरवू लागल्या, आणि आम्हा एजंटांच्या मागे टार्गेटं लागली. दोघांची मिळून पॉलिसी स्वस्त पडेल, हे मीच त्यांच्या गळी उतरवलं. नात्याच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. ‘भाऊजी, खोटं लिहू नका म्हणून मी दिवसभर लोकांना सांगते.’ कोण बघतंय, म्हणत मी माझ्या हातानं ‘पत्नी’ लिहिलं. खाली सही त्यांनी केली.

तो शब्द त्यांना टोचत राहिला असावा. निवडणुकीच्या एका सभेत उमेदवार सांगत होते, खासगी कंपन्यांत स्पर्धा वाढली की विमा सगळ्यांच्या आवाक्यात येईल. वहिनी उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘कंपन्या कितीही आल्या तरी फॉर्म तोच आहे साहेब. लग्न न करता राहणाऱ्यांनी त्यात काय लिहायचं?’ मग लग्न करून टाका, असं साहेब म्हणाले आणि हॉल हसला. परतताना वहिनी मला म्हणाल्या, हसले त्याचं काही नाही, पण उत्तर कुणी दिलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं कळलं. ऑपरेशनचे कागद कंपनीकडे गेले आणि चौकशीला माणूस आला. घटस्फोटाचा दावा त्याला लगेच सापडला. खोटी माहिती दिली म्हणून पॉलिसीच रद्द झाली. जुनी पॉलिसी मीच बंद करायला लावली होती. दोन दिवस तोंड चुकवून शेवटी मी गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘सही माझी होती.’ त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं...

सरकारी योजनेतून कोल्हापूरला ऑपरेशनची तारीख मिळाली. तिथे संमतीसाठी जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती, विनायकची चालेना. वहिनींचा एकोणीस वर्षं न बोललेला भाऊ खेडहून येईपर्यंत ती तारीख हुकली. दुसऱ्या तारखेच्या आठवडाभर आधी वहिनी घरीच वारल्या. अग्नी भावानं दिला. विनायक मागे, बंदरावरच्या माणसांत उभा होता.

मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरायला त्यानं मलाच बोलावलं. अर्जदाराचं मृताशी नातं काय लिहू, मी विचारलं. ‘आता तरी खरा काय ता लिव,’ तो म्हणाला. मी ‘एकोणीस वर्षे एकत्र राहणारा’ असं लिहिलं. कारकुनानं त्याभोवती गोल काढून अर्ज परत केला. दाखला शेवटी भावाच्या अर्जावर निघाला.

परवा विनायककडे जेवायला गेलो होतो. धाप लागायला लागल्यावर वहिनी स्टुलावर बसून भाकऱ्या भाजायच्या. ते स्टूल अजून ओट्यापुढेच आहे. विनायक त्याला वळसा घालून, अंग चोरून, बाजूनं हात लांब करत तव्यावरची भाकरी उलटत होता. मी ते सरकवायला वाकलो, तर त्यानं नको म्हणून मान हलवली. मग मीही वळसा घालूनच ताटं घेतली.