गल्लीला जोडलेली गाडी

चार्ज होणाऱ्या बॅटरीला एक वास असतो. आंबट, धातूचा, दातांच्या मुळाशी जाऊन बसणारा; तांब्याच्या भांड्यावर चिंच घासताना येतो त्याच्या जवळचा, पण ओलाव्याचा अंशही नसलेला. मंगळवार पेठेतल्या आमच्या दारात उभ्या असलेल्या मेटाडोरमधून तो वास येई, आणि त्याच्यासोबत मंद आचेवर पाणी खदखदावे तसा बारीक बुडबुड आवाज. तो कानी पडला की माझी बोटे पदराच्या काठाशी चाळा करू लागत. इतकी धगधग आत भरून घेते ही गाडी. मग निघत का नाही?

गाडी नवऱ्याने माझ्या आईसाठी घेतली होती. मणक्याचे दुखणे जडल्यापासून आईला फार वेळ बसवत नसे. एसटी तिच्यासाठी संपली होती. तिचे माहेर गडहिंग्लजच्या पलीकडे, हद्द ओलांडताच कानडी बोलू लागणाऱ्या एका गावात. तिथे तिचे म्हणावे असे घर आता उरले नव्हते. पण ज्येष्ठातल्या पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदराच्या दिवशी, रंगवल्या शिंगांचे बैल वेशीतून धावत आत शिरतात ते तिला एकदा, निदान एकदा, पुन्हा पाहायचे होते. उकाड्यात तिचा जीव घुसमटे. म्हणून गाडीत निजायला फळी, उशाशी पंखा, आणि पंख्यासाठी फळीखाली दोन बॅटऱ्या. नवरा लेथवर काम करणारा माणूस. चाकांवर घर मांडायचे त्याला वेडच लागले. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या एका हाताने उचलता येतात म्हणे. आमच्या आत चढवायला दोघे जण लागले, आणि सांडलेल्या ॲसिडने माझ्या सुती साडीला सकाळपर्यंत जाळी पाडली.

पुढे भारनियमनाची वर्षे आली. दिवेलागणीला गल्ली काळोखात बुडे आणि आमच्या गाडीत तेवढी एक ट्यूब, दुधासारखी पांढरी. समोरच्या काकू दारात उभ्या राहिल्या.

"पोरीची दहावी हाय. एक वायर टाका की हिकडं."

नवऱ्याने टाकली. मग शेजारच्या भाभींच्या शिलाई मशीनवर दिवा लागला. मग कोपऱ्यावरचा न्हावी आला. "अंधारात गिऱ्हाइकाचा कान कापला गेला तर पाप तुमच्या डोस्क्यावर, दादा!" त्यालाही वायर मिळाली. नाही म्हणणे नवऱ्याला कधी जमले नाही, आणि गल्लीभर पसरलेल्या त्या उजेडाचा त्याला अभिमानही होता. मी मात्र खिडकीत उभी राहून त्या वायरी पाहत असे. गोठ्यातल्या दाव्यांसारख्या त्या चहूकडून येऊन आमच्या गाडीच्या गळ्यात पडल्या होत्या.

रोज तळापर्यंत उपसलेल्या बॅटऱ्या एका उन्हाळ्यातच निकामी झाल्या, पंखा फिरेना. बेंदूर आला आणि गेला. आईचे गाठोडे मी बांधले होते, ते सोडून लुगडी परत खुंटीवर टाकली.  आई भिंतीकडे तोंड करून निजली. त्या वर्षी मला घरात एका जागी बसणे अशक्य झाले. पोळी तव्यावर टाकून मी दारापर्यंत जाई, परत येई, पुन्हा जाई.

पुढच्या ज्येष्ठाआधी नवऱ्याने सीलबंद बॅटऱ्या आणल्या. डिस्टिल्ड वॉटर घालणे नको, वास नको, बुडबुड नको. आईला त्यांच्यावर निर्धास्त निजता येईल, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्या बसवल्या त्या दिवशी मी एकही वायर जोडू दिली नाही.

"वैनी, उजेडाला बी नजर लागती व्हय तुमच्या?" काकूंनी टोमणा मारला.

"बेंदूर झाल्यावर या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

बेंदराच्या आदल्या सकाळी आई फळीवर निजली होती, गाठोडे तिच्या पायाशी. आणि रुसलेली गल्ली निरोपाला आली. नव्या वस्तूची पूजा न करता वेस ओलांडू द्यायची कशी? काकूंनी स्टीलचे ताट आणले होते. हळद, कुंकू, निरांजन, नारळ. पूजा चाकांची व्हायची, पण काकूंना ती बॅटऱ्यांची करायची होती. नवऱ्याने फळीखालचा खण दाराकडे ओढून कौतुकाने बॅटऱ्यांवरचे झाकण काढले. त्यांनी दोन्हींना कुंकू लावले, आणि नारळ फोडायला हात मोकळे हवेत म्हणून ताट तसेच वर टेकवले, वायर जोडायच्या दोन्ही टर्मिनलांवर.

निळी ठिणगी उडाली. चटका बसल्यासारखा सगळ्यांनी एकच श्वास ओढला. ताटाला भोक पडले होते, एक टर्मिनल मेणासारखे ओघळले होते, आणि जळक्या कुंकवाचा धूर गाडीत तरंगत होता.

"आई अंबाबाई! मी काय केलं गं हे," काकू मटकन पायरीवर बसल्या.

"जाऊ दे, काकू. हात भाजला न्हाई न्हवं?" भाभींनी त्यांचे बोट उलटसुलट करून पाहिले.

नवऱ्याने वाकून पाहिले आणि तो आईला म्हणाला, "इंजिनची बॅटरी वेगळी हाय, गाडी चालंल. पण पंखा न्हाई चालायचा, मामी. दोन दिवसांत टर्मिनल बसवून घेतो. मग जाऊ."

बेंदूर उद्या होता. मी गाठोड्याची गाठ धरली. सोडायची की घट्ट करायची, ते हाताला कळेना. आईच्या कपाळावर आताच घाम जमला होता.

"अव्वा," मी आईला म्हणाले, "पंखा न्हाई आता. वाटेत जीव घाबरा झाला तर?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. धूळ येऊ नये म्हणून नवऱ्याने घट्ट लावून टाकलेल्या उशाकडच्या खिडकीच्या काचेवर तिने आपली वाळकी बोटे ठेवली, आणि मला म्हणाली, "उघड."